आंबलेली टाकी आणि हायड्रोजनचा हिशेब: यावल तालुक्यातील एका गोबरगॅस संयंत्राचे प्रकरण

यावल तालुक्यातील एका केळी उत्पादक कुटुंबाच्या खळ्याशेजारी दीनबंधू पद्धतीचे (पक्क्या घुमटाचे), दोन घनमीटर क्षमतेचे गोबरगॅस संयंत्र आहे. गोठ्यातील जनावरांचे साधारण पन्नास किलो शेण आणि तितकेच पाणी रोज कुंडीत कालवून आत सोडायचे आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडणारी मळी केळीच्या बागेला द्यायची, हा त्या घरचा अनेक वर्षांचा शिरस्ता. जानेवारीच्या थंडीत हे संयंत्र अचानक निकामी झाले. त्या घरातील मुलगा आमच्या महाविद्यालयात पदवीच्या शेवटच्या वर्षाला असून मी त्याच्या वर्गाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे प्रकरण माझ्याकडे आले. चूल पुन्हा पेटावी एवढीच घरच्यांची अपेक्षा होती. परंतु बिघाडाचे कारण शोधताना जो प्रश्न पुढे आला, तो पृथ्वीवर गुंतागुंतीच्या पेशी कशा निर्माण झाल्या या प्रश्नाच्या गाभ्याशी भिडणारा आहे, आणि म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवत आहे.

काय घडले

त्या सुमारास केळीचे भाव पडले होते. व्यापाऱ्याने नाकारलेला, पिकून काळा पडू लागलेला माल बांधावर साचला होता. तो वाया जाऊ नये म्हणून मुलाच्या काकांनी रोज काही घमेली पिकलेली केळी शेणात कालवून टाकीत सोडायला सुरुवात केली. पहिले दोन-तीन दिवस गॅस वाढल्यासारखा वाटला. त्यानंतर ज्योत शेगडीवरून उचलली जाऊ लागली, मग फडफडून विझू लागली, आणि आठवड्याच्या आत काडी लावली तरी गॅस पेट घेईनासा झाला. बाहेर येणाऱ्या मळीला फेस होता आणि नेहमीच्या शेणाच्या वासाऐवजी नाकात झोंबणारा आंबट वास येत होता.

मी तेथे गेलो तेव्हा घरातील आबांनी विचारलेला प्रश्न नेमका होता. ते म्हणाले, "सर, खाद्य रोजच्यापेक्षा जास्तच घातलं, दाबही भरपूर दाखवतोय, मग जळत का नाही?"

या प्रश्नातच निदानाची दिशा होती. गळती असती तर दाब उतरला असता, आणि साबणाच्या पाण्याने तपासल्यावर नळीला वा कॉकला कोठेही बुडबुडा आला नाही. नळीत साचलेले पाणी काढून पाहिले, त्यानेही फरक पडला नाही. एका गायीला कासदाहासाठी प्रतिजैविक दिले होते काय, अशी शंका आली, कारण तसे शेण टाकीत गेल्यास सूक्ष्मजीव मरू शकतात. पण त्या महिन्यात कोणत्याही जनावराला औषध दिलेले नव्हते. थंडीमुळे गॅस कमी होतो हे खरे, पण थंडीने तो कमी होतो, न जळणारा होत नाही. येथे वायू तयार होत होता, आणि तो जळत नव्हता. याचा अर्थ त्यात मिथेन फार थोडा आणि कार्बन डायऑक्साइड फार जास्त होता. एरवी अशा वायूत सर्वसाधारणपणे ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. मळीत बुडवलेली पीएच पट्टी पिवळसर-नारिंगी झाली आणि रंगतक्त्यावर ती सहाच्या खाली बसली, जेव्हा सुस्थितीतील टाकीत हा अंक ६.८ ते ७.४ च्या दरम्यान राहतो. टाकी आंबली होती.

आंबण्याचे कारण

'गोबरगॅसचे जंतू' असे आपण सरसकट म्हणतो, पण टाकीत एकच जात काम करत नाही. पहिला गट शेणातील आणि चाऱ्यातील तंतू फोडून साखरा मोकळ्या करतो. दुसरा गट त्या साखरांचे किण्वन करून ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्ले, अल्कोहोल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतो. तिसरा गट प्रोपिऑनिक व ब्युटिरिक आम्ले मोडून त्यांचे ॲसेटिक आम्ल व हायड्रोजन करतो. शेवटच्या गटात मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव येतात. त्यांतील काही ॲसेटिक आम्लापासून, तर काही हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन बनवतात. पिकलेल्या केळीत साखर आयतीच मोकळी असते. त्यामुळे पहिल्या टप्प्याचा वेळ वाचतो आणि दुसरा गट झपाट्याने आम्ले ओतू लागतो. मिथेन करणारे मात्र संथ वाढतात, थंडीत तर अधिकच संथ. आम्ल वाढले की त्यांचे काम आणखी मंदावते, काम मंदावले की आम्ल आणखी साचते.

इथवरचे स्पष्टीकरण कोणत्याही मार्गदर्शिकेत मिळेल. त्यातील तिसऱ्या गटाची स्थिती मात्र जरा थांबून पाहण्यासारखी आहे. प्रोपिऑनिक आम्ल मोडून ॲसेटिक आम्ल व हायड्रोजन करण्याच्या क्रियेत, प्रमाणित परिस्थितीत, ऊर्जा मिळत तर नाहीच, उलट मोलमागे सुमारे ७६ किलोज्यूल खर्ची पडतात. असा तोट्याचा व्यवहार करून कोणताही जीव जगू शकत नाही. हाच व्यवहार फायद्याचा केव्हा होतो? भोवतालचा हायड्रोजन सतत कोणीतरी उचलून नेत असेल, आणि त्याचा आंशिक दाब साधारण एक दहा-हजारांश वातावरणाच्या खाली राहत असेल, तरच. तो उचलून नेण्याचे काम मिथेन करणारे करतात. त्यांना हायड्रोजन हे अन्न आहे, देणाऱ्याला तो अडसर आहे. दोघांपैकी एकही एकट्याने त्या जागी तग धरू शकत नाही. शास्त्रात या नात्याला सहपोषण म्हणतात. केळी घातल्यावर त्या टाकीत हेच नाते तुटले होते. हायड्रोजन उचलणारे मागे पडले, तो साचू लागला, प्रोपिऑनिक आम्ल मोडणाऱ्यांचा व्यवहार तोट्यात गेला, आणि आम्लाला बाहेर पडण्याचा रस्ताच उरला नाही.

आबांच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. खाद्य वाढले, पण हायड्रोजन घेणारे वाढले नाहीत.

उपाय आणि पडताळणी

केळी तत्काळ बंद केली आणि शेणही काही दिवस थांबवले. आंबट मळीचा काही भाग उपसून काढला, चुन्याची निवळी थोडी थोडी घालत पीएच सातच्या जवळ आणला, आणि शेजारच्या गावातील चालू संयंत्रातून मळीचे काही ड्रम आणून ते विरजण म्हणून टाकीत सोडले. चुना एकदम घालू नये, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. तो जास्त झाला की टाकीतील कार्बन डायऑक्साइड शोषला जातो, घुमटात अचानक पोकळी निर्माण होऊ शकते, आणि पीएच गरजेपेक्षा वर जातो. त्यानंतर रोज थोडेसे शेण देत मात्रा वाढवत नेली. साधारण तीन आठवड्यांनी शेगडीवर निळी ज्योत स्थिर झाली.

दरम्यान विद्यार्थ्याने आंबट मळीचा आणि आणलेल्या चांगल्या मळीचा नमुना प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांत एफ-४२० नावाचे एक सहविकर असते, आणि जांभळ्या प्रकाशात ते स्वतः निळसर-हिरवे चमकते. कोणताही रंग द्यावा लागत नाही. चांगल्या मळीत अशा चमकणाऱ्या कांड्या आणि ठिपके दाटीने होते, अनेक ठिकाणी न चमकणाऱ्या दुसऱ्या पेशींच्या पुंजक्यांना चिकटलेले. आंबट मळीत पेशींची वाण नव्हती, पण चमकणाऱ्या शोधाव्या लागत होत्या. मोजणी काटेकोर नव्हती, म्हणून आकडे देत नाही. पण निदानाला हा दुजोरा पुरेसा होता, आणि विद्यार्थ्याचा पुढचा प्रश्न येथूनच आला. हे चमकणारे आणि न चमकणारे इतके चिकटून राहतात, तर कधी एकात एक मिसळले नसतील का?

या प्रश्नाचा इतिहास

ही माहिती विज्ञानाच्या हाती कशी आली, ते पाहण्यासारखे आहे. अल्कोहोलपासून मिथेन करणारा 'मिथॅनोबॅसिलस ओमेलिॲन्स्की' नावाचा एक सूक्ष्मजीव अनेक वर्षे शुद्ध संवर्धन म्हणून प्रयोगशाळांत वाढवला जात होता. १९६७ मध्ये मार्विन ब्रायंट, राल्फ वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की ती एक जात नसून दोन आहेत. एक अल्कोहोलपासून हायड्रोजन सोडते, दुसरी तो घेऊन मिथेन करते, आणि दोघी इतक्या घट्ट बांधलेल्या की पिढ्यान्‌पिढ्या एकच समजल्या गेल्या. त्याच राल्फ वुल्फ यांनी पुढे इलिनॉय विद्यापीठात कार्ल वूझ यांना मिथेन करणारे सूक्ष्मजीव तपासायला दिले. वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधील आरएनएची तुलना करून १९७७ मध्ये जाहीर केले की हे जीव नेहमीच्या जीवाणूंपैकी नाहीतच, त्यांची शाखा स्वतंत्र आहे. या शाखेला आज आपण आर्किया म्हणतो. म्हणजे आर्किया जगाला प्रथम उमगले ते मिथेन करणाऱ्यांमुळे; आणि आपल्याकडे गावोगावच्या गोबरगॅसच्या टाकीत जीवसृष्टीच्या या दोन दूरच्या शाखा रात्रंदिवस देवाणघेवाण करत असतात.

हा व्यवहार किती जुना आहे? पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. ऑस्ट्रेलियाच्या पिल्बारा भागात सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे, सूक्ष्मजीवांच्या थरांनी बनलेले खडक आहेत. त्याच भागातील सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या गारेच्या शिरांत अडकलेल्या सूक्ष्म द्रवकणांतील मिथेन सूक्ष्मजीवांनी तयार केलेला दिसतो, असे जपानी संशोधकांनी २००६ मध्ये कार्बनच्या समस्थानिकांवरून मांडले. हवेत ऑक्सिजन साठू लागला तो त्यानंतर शंभर कोटींहून अधिक वर्षांनी, सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. तोपर्यंतचे जग हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, गंधक आणि लोह यांच्या देवघेवीवर चाललेले होते. खोल समुद्रातील काही खडकांतून पाणी मुरताना ऑलिव्हिन या खनिजाशी त्याची क्रिया होऊन हायड्रोजन आपोआप तयार होतो. अटलांटिक महासागरात २००० साली सापडलेल्या 'लॉस्ट सिटी' या अल्कधर्मी झऱ्यांच्या क्षेत्रात आजही असे घडते. जीवनाची सुरुवात अशा झऱ्यांपाशी झाली असावी, हे मत सर्वमान्य नाही. पण हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यावर चालणारा चयापचय अतिप्राचीन आहे, याला बराच आधार आहे.

खानदेशातील विद्यार्थी येथे हमखास उनपदेवचे नाव घेतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्यात अडावदजवळ असलेल्या या गरम पाण्याच्या झऱ्यात असे काही जुने सापडेल काय? झऱ्यात उष्णता सोसणारे सूक्ष्मजीव असणारच, आणि ते अभ्यासण्याजोगेही आहेत. पण ज्या काळ्या बेसाल्टवर आपण राहतो, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, म्हणजे पिल्बाराच्या खडकांच्या जवळपास पन्नासाव्या हिश्शाइतकाच जुना. त्यात आरंभीच्या जीवनाचे अवशेष शोधणे व्यर्थ आहे. त्यासाठी विंध्य खोऱ्यातील गाळाच्या खडकांकडे जावे लागते. चित्रकूटजवळच्या सुमारे १६० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतून लाल शैवालासारखे जीवाश्म मिळाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. केंद्रक असलेल्या, म्हणजे आपल्यासारख्या गुंतागुंतीच्या पेशींचे सर्वांत जुने, बऱ्यापैकी मान्य झालेले जीवाश्मही साधारण १६५ कोटी वर्षांपूर्वीचेच आहेत. सूक्ष्मजीव ३५० कोटी वर्षांपूर्वी आले आणि केंद्रकाच्या पेशी १६५ कोटींच्या आसपास दिसू लागल्या. मधला एवढा प्रचंड काळ कशात गेला, हा या विषयातील मुख्य पेच आहे.

हायड्रोजन देणारा कोण आणि घेणारा कोण

आपल्या पेशींतील तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, या एकेकाळच्या स्वतंत्र जीवाणू होत्या, ही गोष्ट आता वादाची राहिलेली नाही. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये, त्या वेळच्या लिन सेगन या नावाने, ती नेटाने मांडली, आणि तंतुकणिकांच्या स्वतःच्या डीएनएने ती सिद्ध केली. माणसाच्या तंतुकणिकेत आजही १६,५६९ जोड्यांची एक छोटी गोलाकार डीएनए साखळी असते. वाद आहे तो त्या जीवाणूला आत घेणारा कोण होता आणि त्याने ते का केले, याबद्दल. फार काळ असे मानले जाई की एका मोठ्या भक्षक पेशीने लहान जीवाणू गिळला आणि तो पचला नाही. १९९८ मध्ये विल्यम मार्टिन आणि मिक्लॉश म्युलर यांनी वेगळे मत मांडले. त्यांच्या मते यजमान हा हायड्रोजनवर जगणारा आर्किया होता आणि पाहुणा हायड्रोजन सोडणारा जीवाणू होता. यजमान पाहुण्याला अधिकाधिक वेढत गेला, कारण त्याचा चरितार्थ त्याच्यावर चालत होता. ही कल्पना गोबरगॅसच्या टाकीतील नात्याचीच पुढची पायरी आहे. म्युलर यांना ती सुचण्याला कारण होते. गुरांच्या एका परजीवीत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने १९७३ मध्ये हायड्रोजन सोडणारे एक अंगक शोधले होते, आणि ते तंतुकणिकेचेच बदललेले रूप असल्याचे पुढे स्पष्ट झाले. गाईच्या पोटातील केसाळ आदिजीवांतही अशी अंगके असतात, आणि मिथेन करणारे आर्किया त्या आदिजीवांना बाहेरून चिकटून किंवा त्यांच्या आतही राहतात. विद्यार्थ्याने विचारलेले 'एकात एक मिसळणे' आपल्या गोठ्यातील गाईच्या पोटात आजही चालू आहे.

या कल्पनेला पुढे बळ मिळाले, आणि धक्काही. २०१५ मध्ये नॉर्वे आणि ग्रीनलंड यांच्या दरम्यानच्या समुद्रतळावरील गाळातून अशा आर्कियांचा डीएनए मिळाला की ज्यांत केंद्रकी पेशींना लागणारी कितीतरी प्रथिने आधीच होती. त्यांना लोकीआर्किया असे नाव मिळाले, आणि त्यांचे भाईबंद सापडल्यावर तो सारा गट अ‍ॅसगार्ड म्हणून ओळखला जाऊ लागला. पण जिवंत जीव कोणाच्याच हाती नव्हता. तो हिरोयुकी इमाची, मासारू नोबू आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी मिळवला. २००६ मध्ये नानकाई खंदकाजवळच्या समुद्रातून, अडीच हजार मीटरहून अधिक खोलीवरून आणलेला गाळ त्यांनी पॉलियुरेथेन स्पंज टांगलेल्या संयंत्रात, मिथेन पुरवत, दोन हजारांहून अधिक दिवस वाढवला. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी विकसित झालेल्या संयंत्राचेच ते रूप होते. एकूण बारा वर्षांच्या चिकाटीनंतर, २०२० मध्ये, 'प्रोमिथिओआर्किअम सिंट्रॉफिकम' या जीवाचे वर्णन प्रसिद्ध झाले. तो अर्ध्या मायक्रोमीटरहून किंचित मोठा आहे, दुप्पट व्हायला त्याला १४ ते २५ दिवस लागतात, आणि त्याच्या अंगातून लांब, फाटे फुटणारे हातासारखे तंतू बाहेर येतात. तो एकटा वाढत नाही. अमिनो आम्ले मोडून तो हायड्रोजन आणि फॉर्मेट सोडतो आणि ते घेणारा जोडीदार, उदाहरणार्थ मिथेन करणारा एखादा आर्किया, त्याला सोबत लागतोच.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहायला हवी, कारण लोकप्रिय लेखनात ती बहुधा निसटते. मार्टिन आणि म्युलर यांच्या कल्पनेत आर्किया हायड्रोजन घेणारा होता, तर आपल्या पूर्वजांचा हा जिवंत नातेवाईक हायड्रोजन देणारा निघाला. प्रवाहाची दिशा उलटी झाली. काही संशोधक म्हणूनच आता म्हणतात की यजमान आर्कियाने हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन दिले आणि आत आलेल्या जीवाणूने ते घेतले. तर इमाची यांच्या गटाच्या मते त्या लांब तंतूंनी प्रथम जोडीदाराला गुंतवले, मग वेढले, आणि वाढत्या ऑक्सिजनपासून बचाव करणारा जीवाणू शेवटी आत स्थिरावला. शिवाय आजचा प्रोमिथिओआर्किअम आपला पूर्वज नाही; त्याच्या वंशालाही तितकीच कोट्यवधी वर्षे बदलायला मिळाली आहेत, आणि तो आज जे करतो तेच त्याचे पूर्वज करत होते असे गृहीत धरता येत नाही. हीच खबरदारी आमच्या टाकीबाबतही घ्यावी लागेल. टाकी म्हणजे प्राचीन पृथ्वीची प्रतिकृती नव्हे. तिच्यातील जीव आजचे आहेत, अन्न गाईच्या पोटातून आलेले आहे. टाकीवरून एवढेच ठामपणे म्हणता येते की ऑक्सिजन नसलेल्या जागी ऊर्जेचा हिशेब इतका काठावरचा असतो की शेजारी हा जगण्याचा भाग बनतो, आणि अशा शेजाराला जवळीक वाढवण्याची सततची ओढ असते. कारण हायड्रोजन जितक्या कमी अंतरात हातोहात जाईल, तितका दोघांचा लाभ. चांगल्या मळीतील चमकणाऱ्या पेशी दुसऱ्यांच्या पुंजक्यांना का चिकटलेल्या होत्या, याचे उत्तर यातच आहे.

उरतो तो क्रमाचा वाद. तंतुकणिका आधी आली आणि तिच्या जोरावर पेशी मोठी व गुंतागुंतीची झाली, की पेशी आधीच बऱ्यापैकी गुंतागुंतीची होती आणि जीवाणू नंतर आला? पहिल्या बाजूला मोठा आधार असा की तंतुकणिका कधीच नव्हती अशी एकही केंद्रकी पेशी आजवर सापडलेली नाही. २०१६ मध्ये मोनोसर्कोमोनॉइडिस या, चिंचिला नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या आतड्यातून मिळालेल्या जीवात तंतुकणिकेचा मागमूसही नसल्याचे आढळले, पण त्याच्या नातेवाइकांत ती आहे, म्हणजे त्याच्या वंशात ती होती आणि पुढे गळून पडली. दुसऱ्या बाजूला अ‍ॅसगार्ड आर्कियांतील ती प्रथिने आणि पेशीला आकार देणारा ॲक्टिनचा सांगाडा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्लोव्हेनियातील खाडीच्या गाळातून वाढवलेल्या दुसऱ्या एका लोकीआर्कियात तो सांगाडा प्रत्यक्ष दिसला. जीवाणू आत येण्यापूर्वीच यजमानाकडे बरीच सामग्री होती, हे त्यावरून मानावे लागते. माझे स्वतःचे मत असे की यजमानाकडे सामग्री होती, पण ती वापरून पेशी मोठी करण्याइतकी ऊर्जा तंतुकणिका येईपर्यंत नव्हती. या मताला आव्हान देणारे हिशेबही प्रसिद्ध झालेले आहेत, आणि अ‍ॅसगार्ड गटातील आणखी जाती प्रयोगशाळेत जिवंत वाढवल्या जाईपर्यंत हा निकाल लागेल असे मला वाटत नाही.